पित्तराचा पाट

नूतनवहिनीने सिंधुबाईला पुढच्या दारातून आत बोलावलं, तेव्हाच सिंधुबाईच्या मनात पाल चुकचुकली. मगन पाटलांच्या घरात तिचा रस्ता ठरलेला होता. मागच्या अंगणातून यायचं, गोठा झाडायचा, शेण उचलायचं, बैलांना पाणी दाखवायचं आणि तिथूनच नवऱ्याच्या, भटूच्या मागोमाग केळीच्या बागेत जायचं. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात तिचा कप पालथा असायचा. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. सकाळी नूतनवहिनी वरून चहा ओतायची. पिऊन झालं की कप सिंधुबाईनेच धुवायचा आणि पुन्हा पालथा घालायचा. 'तू घरात येऊ नको' असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडत नव्हती.

आणि आज, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली, सातपुड्याकडून येणारं वारं भट्टीतून निघाल्यासारखं, अंगणातला निंबही मलूल, अशा भर दुपारी नूतनवहिनी म्हणत होती, "पाय पुसीसन मधमा ये वं, सिंधू. आबा बलाई ऱ्हायनात."

मगन आबा हिंडोळ्यावर बसले होते. बायको जसोदाबाई गेल्यापासून म्हातारा निम्मा झाला होता. बाजूला त्यांचा मुलगा, नूतनवहिनीचा नवरा हेमकांत खुर्चीत, हातात मोबाईल. आबांची बहीण रमिलाबाई खाली वाती वळत होती. सिंधुबाई उंबऱ्याच्या आत आली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

"आखाजीले जसोदानी घागर भरानी शे," आबा म्हणाले. "पहिली आखाजी तिन्ही. पित्तर म्हनीसन तू बसशी."

सिंधुबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मी?"

"तीच सांगी गयी शे ना. तू बी व्हती तठे."

रमिलाबाईने वात मांडीवर जरा जोरातच घासली. "गावमातल्या आपल्या गुजरन्या सवाशिनी काय मरी गयात का?" ती कुणाकडे न बघता म्हणाली.

खानदेशात हे सगळ्यांना ठाऊक असतं. माणूस गेलं की पुढच्या आखाजीला त्याच्या नावाची नवी लाल घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात आणि गेलेल्याच्या जागी एक जितं माणूस पाटावर बसवतात. घरधनी त्याचे पाय धुतो, त्याला नवं लुगडं-धोतर देतो, पुरणपोळी आणि आमरस वाढतो. त्या वेळेपुरता तो माणूस म्हणजे साक्षात गेलेला जीव. त्याचं पोट भरलं की त्या जिवाचं भरलं. जसोदाबाई अहेव, म्हणजे सवाष्ण, गेलेली. तिच्या जागी बसणारीही अहेवच हवी. पण ती बौद्धवाड्यातली असावी, असं या गावात आजवर कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"घर जाईसन सांगस," सिंधुबाई म्हणाली.

"यामा काय इचारानं?" हेमकांत पहिल्यांदाच मोबाईलमधून वर बघत म्हणाला. "भटूनं नवं साल बी त्याच दिनले ठराई टाकूत."

त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती, पण सिंधुबाईला जे कळायचं ते कळलं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेल्या गड्याचं, साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं सुरू होतं. भटू या घरी सालदार राहिला त्याला आता कित्येक वर्षं झाली होती. बागेतली एकूणएक केळ त्याच्या हातची.

जसोदाबाईला पावसाळ्यात लकवा झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. शहाद्याहून आणलेली बाई महिनाभरही टिकली नाही. नूतनवहिनीला वास सोसवेना. मग एके दिवशी आबांनीच सिंधुबाईला हाक मारली आणि इतक्या वर्षांचा उंबरा आजारपणाच्या नावाखाली मोकळा झाला. सिंधुबाईने तिला अंघोळ घातली, कुशीवर वळवलं, पाठीला फोड येऊ नये म्हणून खोबरेल चोळलं, मऊ भात भरवला. हे सगळं तिने काही देवमाणूस म्हणून केलं नाही. पहिले काही दिवस तिलाही मळमळायचं, आणि म्हातारी चिडली की तिच्या डाव्या हाताचा फटका बसायचा. पण मग दोघींचं जमलं. एकदा दुपारी सिंधुबाई तिला बशीतून चहा पाजत होती. जसोदाबाईने दोन घोट घेतले आणि डाव्या हाताने बशी सिंधुबाईच्या तोंडाशी ढकलली.

"पी," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढंच नीट निघायचं.

सिंधुबाई प्यायली. त्या बशीचं तिने घरी भटूलाही सांगितलं नाही.

माघात म्हातारी गेली. त्याआधी घरच्यांसमोर डावं बोट सिंधुबाईकडे करून म्हणाली होती, "आखाजीले... ही... बसई." तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. मरणाऱ्या माणसासमोर कोण वाद घालतो? तेराव्यानंतर सिंधुबाई कामावर गेली, तर निळ्या फुलांचा कप कोनाड्यात पालथा वाट बघत होता.

भटूने ऐकलं आणि भाकरीचा घास हातातच राहिला.

"खरं सांगस?"

"खोटं कसाले सांगू?"

"मंग नही काबरं म्हनस?" तो म्हणाला. "मन्हा बाप त्या दारवर शिळी भाकर मांगाले उभा ऱ्हाये. टोपलीमा वरथून टाकेत. आते तेच घर तुन्हा पाय धोई. सिंधू, बसी जाय. काय जास आपलं?"

"आपले देव-पित्तर कथा शेतस? तूच दिवाळीले कोनले तरी सांगी ऱ्हायंता."

"ते खरं," भटू म्हणाला आणि जेवत राहिला. मग हात धुताना हळूच म्हणाला, "साल बी शे."

दिवेलागणीला विहारात वंदना झाली आणि गोष्ट बाहेर पडलीच. बौद्धवाड्यात गोष्ट पोटात ठेवायची कुणाची टाप नाही. उखाबाबा, सगळ्यांत जुना माणूस, वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेलेला, त्याने काठी आपटली.

"प्रतिज्ञा काय लिन्ही आपन? श्राद्ध करसूत नही. मंग दुसरानं श्राद्ध जेवाले बसनं हाई काय शे? उलटा रस्ता शे तो."

"बाबा, तुम्ही ऱ्हाऊ द्या," योगिता म्हणाली. ती शेजारची नवी सून, दोन तालुक्यांत तिच्या जिभेचा लौकिक. "मावशी, तू बस. मी फोटो काढसू. हेमकांत पाटील खाले बसेल, हातमा तांब्या, अन् तू पाटवर. मी मोठा करीसन आठे भीतवर लावसू."

बायका खोखो हसल्या. सिंधुबाईही हसली. खोटं कशाला बोला, ते चित्र तिला गोड वाटलं. घरी येऊन अंथरुणावर पडल्यावरही ती आपल्या भेगाळलेल्या टाचा एकमेकींवर घासत तेच चित्र बघत राहिली.

सकाळी ती गोठा झाडून कोनाड्यापाशी बसली. नूतनवहिनी आली. तिने रोजच्यासारखं वरून धरून चहा ओतला. हात हलला आणि कढत थेंब सिंधुबाईच्या अंगठ्यावर पडला.

"भाजनं का?" नूतनवहिनीने विचारलं. वाईट बाई नव्हती ती. पण विचारता विचारता एक पाऊल मागे सरकली, पदर कपाला लागू नये म्हणून.

सिंधुबाई त्या पावलाकडे बघत राहिली. आखाजीला हीच बाई आपल्याला ओवाळणार, हिचा नवरा पाय धुणार. पण ते पाय सिंधूचे नसतील. ते जसोदाबाईचे असतील, सिंधूने फक्त उसने दिलेले. पंगत उठली की जसोदाबाई निघून जाईल, आणि दुसऱ्या सकाळी सिंधू पुन्हा या भिंतीशी बसून वरून पडणारा चहा झेलेल. एका दिवसाचा मान, आणि तोही मेलेल्या दुसरीच्या नावाने. तिच्या डोक्यात लख्ख झालं. बावीस प्रतिज्ञा तिला पाठ होत्या, पण त्या कशासाठी घेतात ते त्या दिवशी तिला अंगठा चोळताना कळलं.

"वहिनी," ती म्हणाली, "मी पित्तर बसनार नही. आबाले सांगी द्या. आखाजीले अजून टाईम शे. दुसरी कोनी देखा."

नूतनवहिनी "बरं" म्हणून आत गेली.

पण तिने सांगितलं नाही. सासऱ्याला कोण सांगणार? बायको गेल्यावर म्हातारा या एकाच गोष्टीला धरून बसला होता. नूतनवहिनीला वाटलं, दिवस उजाडला की येईल मुकाट. सालदाराची बायको ती, जाऊन जाऊन जाईल कुठे?

आखाजीला ऊन डोक्यावर आलं, तेव्हा जसोदाबाईची मुलगी भाविका बौद्धवाड्यात आली. ब्राह्मणपुरीला दिलेली, सणाला माहेरी आलेली. वाटेत निंबाला झोके बांधले होते आणि पोरींची गाणी चालू होती.

"मावशी, चाल ना. पाट मांडेल शे. बठ्ठा थांबी ऱ्हायनात."

सिंधुबाई उठून उभी राहिली. "वहिनीनी सांगं नही का?"

"काय सांगनं?"

सिंधुबाईने भटूकडे बघितलं. भटूने मान खाली घातली. तिने पदर खोचला आणि निघाली. निरोपावर सोडायची गोष्ट नव्हती ती. आपल्या तोंडानेच सांगायला हवी होती.

ओसरीत सगळा गोतावळा जमला होता. लाल घागर, तिच्यावर डांगर, शेणाच्या गोवऱ्यांचा विस्तव, तुपाचा वास. मध्ये पाट, पाटावर घडी केलेलं हिरवं लुगडं. जरीच्या काठाचं, बोटभर रुंद. सिंधुबाईला ते फार आवडलं. असं लुगडं तिने लग्नातही नेसलं नव्हतं. परात मांडून हेमकांत उघड्या अंगाने पाटाशी बसलाच होता.

"ये, बस," आबा म्हणाले.

सिंधुबाई पाटाजवळ गेली आणि उभीच राहिली. "आबा, मी बसनार नही. मी आगोदर सांगेल व्हतं."

नूतनवहिनी स्वयंपाकघरात गेली.

"देखा, मी सांगंच व्हतं," रमिलाबाई म्हणाली. "मान दिन्हा तर पचत नही."

"मायना शेवटला सबद शे तो," हेमकांत उठून उभा राहिला. त्याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली होती. "घरना मानूस समजीसन बलावं तुले."

"घरना मानूस?" सिंधुबाई त्याच्याकडे वळली. "दादा, मन्हा कप कथा शे ते देख. घरना मानूसना कप गोठामा ऱ्हास का? तुम्ही मायना पाय धोशात. मन्हा नही. मन्हा म्हनीसन धोशात तर मी आते बसस. लुगडं बी नको, आरती बी नको. सिंधू म्हनीसन एक ताट वाढा, मी जेवस."

 विस्तवावर टाकलेलं तूप चरचरत होतं.

मगन आबा हिंडोळ्यावरून उतरले. त्यांना राग आला नव्हता. ते घाबरल्यासारखे दिसत होते. "तुमनामा पित्तर नही मानतस, माले ठाऊक शे," ते म्हणाले. "पन पोरी, तिन्हा जीव तानेल ऱ्हायना तर? पानीसाठे फिरी ऱ्हायना तर?"

"आबा, मेल्यावर जीव कथा जास ते माले ठाऊक नही. ती जिती व्हती तवय तानेल व्हती. तवय मी चमच्यानी पानी पाजं." सिंधुबाईचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. "आमनामा गयेल मानूसना नावथीन पुन्य वाटतस. खीर करतस, नाव लेतस. पुनवले आमना विहारमा बुद्धजयंती शे. मायनं नाव मी तठे लेसू. मी तिले इसरेल नही. तुम्ही बी या."

ती आल्या वाटेने, पुढच्या दाराने बाहेर पडली. मागे रमिलाबाई वरच्या गल्लीतल्या कुणा सुनेला बोलवायला पाठवत होती.

भटूला त्या दिवशी बोलावणं आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग कळलं, हेमकांतने धानोऱ्याकडचा एक गडी ठेवला.

भटू भांडला. ताट ढकललं, वाट्टेल ते बोलला. "तुन्हा एक 'नही'पायी मन्ही बाग गयी!" मन्ही बाग म्हणाला तो. त्या बागेतला एक कोंबही त्याच्या मालकीचा नव्हता. सिंधुबाईने सगळं ऐकून घेतलं. एकाच गोष्टीला ती उलट बोलली. भटू म्हणाला, "माफी मांगी ले." ती म्हणाली, "नही." आणि दुसऱ्या सकाळी टॉवेलची चुंबळ खांद्यावर टाकून परक्या बागेत केळीचे घड वाहायला गेली.

ते काम बाईमाणसाचं नव्हे. वाफ्यातून बांधापर्यंत, बांधावरून गाडीपर्यंत. घडाचा चीक खांद्यावर वाळून काळा पडे आणि घामाने पुन्हा ओला होई. संध्याकाळी चोळी सालीसारखी सोलून काढावी लागे. बायका विचारत, लुगडं कसं होतं गं? ती सांगे, हिरवं होतं, लई चांगलं होतं. मग भटूही तिच्या मागोमाग यायला लागला. बोलायचा नाही, पण जड घड स्वतः उचलायचा.

येता-जाता त्याची नजर मगन पाटलांच्या बागेकडे जायची. नव्या गड्याने ठिबकचा फिल्टर साफ केला नव्हता. नळ्या तुंबल्या होत्या, कडेच्या ओळी पिवळ्या पडत चालल्या होत्या आणि अर्ध्या भरलेल्या घडांसकट झाडं मोडून पडत होती. भटू बांधावर उभा राहायचा, चुकचुकायचा आणि पुढे चालायचा.

वैशाखी पुनवेला वाड्यातल्या बायका पांढरी लुगडी नेसल्या. विहारासमोर निळ्या पताका लागल्या. मोठ्या पातेल्यात खीर रटरटत होती. दिवस मावळायला आला, उखाबाबांनी मेणबत्त्या लावायला घेतल्या, तेवढ्यात बाहेरचा गलबला एकदम बसला.

मगन आबा काठी टेकत येत होते. भाविकाने त्यांचा दंड धरला होता. मागे आणखी कुणी नव्हतं.

दारात त्यांनी वहाणा काढल्या आणि तिथेच घोटाळले. इतकी वर्षं गावात राहून या दारात ते पहिल्यांदा उभे होते. भटू धावत जाऊन खुर्ची घेऊन आला. आबांनी आत नजर टाकली. सगळे सतरंजीवर बसले होते. समोर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. आबांनी खुर्ची बाजूला केली, भाविकाच्या खांद्याचा आधार घेतला आणि कण्हत सतरंजीवर बसले.

त्रिसरण झालं, पंचशील झालं. आबांना त्यातलं काही येत नव्हतं. ते हात जोडून बसले होते, देवळात बसावं तसेच. मग उखाबाबांनी सिंधुबाईकडे बघितलं. ती उठली, एक मेणबत्ती पेटवून मूर्तीपुढे लावली आणि मोठ्याने म्हणाली, "जसोदाबाई मगन पाटील." सगळ्या विहाराने डोळे मिटले. योगितानेसुद्धा.

आबांच्या गळ्यातून हुंदका निघाला. म्हातारा सगळ्यांसमोर रडला. भाविका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

खीर वाटली, मग स्टीलच्या ग्लासांतून चहा आला. सिंधुबाईने एक ग्लास आबांपुढे ठेवला. ते ग्लासाकडे बघत राहिले.  आबांनी ग्लास उचलला आणि फुंकर मारून घोट घेतला.

"साखर जास्त शे," ते म्हणाले.

"आमनाकडे सणले जास्तच ऱ्हास," उखाबाबा म्हणाले. दोघे म्हातारे हसले.

चहा संपला तसे वाड्यातले लोक उठून आपापला ग्लास पिंपापाशी विसळू लागले. उखाबाबांनीही विसळला. ते बघून मगन आबा काठी टेकत उठले आणि रिकामा ग्लास घेऊन पिंपाकडे निघाले. सिंधुबाई आडवी आली आणि तिने ग्लास त्यांच्या हातातून काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या, आबा," ती म्हणाली. "आमनाकडे पाव्हना आपला ग्लास धोत नही."

तिने ते टोचायला म्हटलं नव्हतं. पण आबांचा हात तसाच पुढे राहिला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. 

दारात वहाणा घालताना ते म्हणाले, "सकायमा ये. भटूले बी लई ये. बाग वाळी ऱ्हायनी, नवा गडीले जमत नही."

"येसूत," सिंधुबाई म्हणाली.

सकाळी भटू उजाडायच्या आतच बागेकडे पळाला. सिंधुबाईने गोठा झाडला, शेण उचललं. कोनाड्यात कप पालथाच होता, वर कोळ्याने जाळं विणलेलं. तिने त्याला हात लावला नाही. ती अंगणाला वळसा घालून पुढे आली आणि ओसरीच्या पायरीवर बसली.

नूतनवहिनी किटली घेऊन बाहेर आली. मागे गोठ्याकडे गेली, परत आली आणि पायरीवरच्या सिंधुबाईला बघून थबकली.

"तुन्हा कप?"

सिंधुबाई पायरीवरून हलली नाही. आत हिंडोळा करकरायचा थांबला.

"घरमातला दे तिले," आबांचा आवाज आला. "जसोदाना."

नूतनवहिनी आत गेली. बऱ्याच वेळाने पितळी काठाचा कप घेऊन आली आणि ठक्कन पायरीवर ठेवला. ओतताना तिची नजर दुसरीकडेच होती. सिंधुबाई सावकाश, एकेक घोट घेत प्यायली. पिऊन झाल्यावर सवयीने उठून ती पिंपाकडे दोन पावलं गेली. मग थांबली, मागे आली आणि हेमकांतने पिऊन ठेवलेल्या उष्ट्या कपाशेजारी आपला कप ठेवला.

"वहिनी, कप ठेवेल शे," ती म्हणाली आणि बागेच्या वाटेला लागली. भटूने फिल्टर साफ करून मोटार चालू केली होती. कडेच्या ओळीत नळीला पाणी आलं होतं.